अढीतला ऊस

सासऱ्यांचा ऊस मी सहा दिवस आधी तोडला आणि आंब्यासारखा अढीत घातला.

खाली पाचट, वर मोळ्या, त्यावर ओली पोती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःच्या अकलेनं. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा निघाला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. अंगात शास्त्र नुकतंच भिनलेलं. एकदा आमच्या साहेबांनी साखरेच्या पाण्यात यीस्टमधून काढलेल्या एन्झाइमचे थेंब टाकले. नाव इन्व्हर्टेज. काही वेळानं चाखायला दिलं, तर पाणी आधीपेक्षा गोड! "साखरेच्या कणाचे हे दोन तुकडे करतं," साहेब म्हणाले, "उसातही असतं. ऊस तोडून ठेवला की आपलं काम सुरू करतं." ते पुढंही काही सांगत होते, पण चहाची घंटा झाली आणि मी सटकलो.

सासरवाडी तळवड्याला. सासरे लग्नासाठी जुन्नरकडे गेलेले. "शनिवारी गुऱ्हाळाची पाळी हाय. ऊस शुक्रवारी तोडून घ्या," एवढं मला बजावून. म्हटलं, एन्झाइमला सहा दिवस देऊ. असा गूळ खाऊ घालू की म्हातारा जन्मभर जावयाचं नाव काढील. शुक्रवारी एक कांडं चघळून पाहिलं. नुसता मध!

शनिवारी चरक फिरू लागला. गूळ शिजवायला गुळव्या आणला होता कऱ्हाडकडचा, हाडापेरानं दांडगा. त्यानं रस जिभेला लावला आणि पचकन थुंकला.

"पावणं, ऊस कवा तोडला?"

"काल." अडाण्याला शास्त्र कुठं समजावत बसायचं!

चुलवाणावर रसाची काहील उकळू लागली. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकी, चिमटीत धरी. गोळी काही बनेना. आटवून आटवून शेवटी त्यानं पाक वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, ओतला आणि फावड्यानं घोटत बसला. घामानं निथळत होता. गूळ बसेना. नुसती काकवी, डांबरासारखी काळी.

नेमके तेव्हाच सासरे आले. वाफ्यात बोट घातलं, मग माझ्याकडं वळले. "ऊस कवाचा?"

"कालचाच, मामा."

पुढचं बोलणं झालंच नाही. सासऱ्यांनी हाताला लागलेलं उसाचं टिपरं गुळव्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फुटला. "हरामखोरा, गूळ बसू नये म्हणून लिंबू पिळलंस काहिलीत! कुणी पढवून पाठीवलं तुला?"

"मालक, आईची आण, मी लिंबू बघितलं सुदिक न्हाई!"

दुसरा फटका कानावर बसला. तिसऱ्याला गुळव्यानं टिपरं हिसकून मोडलं आणि गरम पाकानं भरलेलं फावडं उगारलं. पाकाचे थेंब सासऱ्यांच्या दंडावर चरचरले. मग मात्र सासऱ्यांनी त्याची मानगूट धरली आणि त्याला काहिलीकडं ढकलत नेऊ लागले. दुसरा रस तिच्यात रटरटत होता. गुळव्याचे पाय राखेत घसरत होते. आजूबाजूचे चार बाप्ये नुसते ओरडत होते, मधे कुणी पडेना. आणि मी, शास्त्रज्ञ, बैलाच्या आड उभा.

काहील दोन हातांवर आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मामा, ऊस कालचा नाही! सहा दिवसांचा आहे! मी अढीत घातला होता!"

सासऱ्यांचा हात सुटला. "कशात?"

"अढीत. एन्झाइमसाठी."

पहिला दांडका पाठीवर बसला, दुसरा नडगीवर. जावयाचा मान वगैरे सगळा चुलवाणात गेला. मी पळालो ते थेट वाफ्यात. कोपरापर्यंत हात त्या न बसलेल्या गुळात रुतले आणि मी बोंबललो. पाक कातडीला चिकटला, सुटेना. सासरे दांडका घेऊन काठावर उभेच. मला बाहेर ओढलं ते गुळव्यानं. बखोटीला धरून पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत बुडवलं आणि तसंच दाबून धरलं.

सोमवारी दोन्ही हातांना फडकी बांधून कामावर गेलो तेव्हा साहेबांनी चहाच्या घंटेमुळं राहिलेलं वाक्य पुरं केलं: त्या दोन तुकड्यांचा खडा बसत नाही.

पण ते सोमवारी. शनिवारी मी पिंपात हात घालून रडत होतो. गुळव्यानं धोतराच्या सोग्यानं ओठाचं रक्त पुसलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सासऱ्यांना विचारलं, "मालक, हे स्थळ बघाया गेलता, तवा घरातलं शानं माणूस कुणीच बरुबर न्हवतं का?"