धुऊन काढलेली टाकी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात केमिकल इंजिनिअरिंग शिकवत होतो. माझी थोरली बहीण, आक्का, गडहिंग्लजकडच्या एका खेड्यात दिलेली. गावाशेजारच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं मळीचं पाणी जमिनीत मुरून तिथल्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. आक्का लांबच्या ओढ्यावरून घागरी आणायची आणि मला सुनावायची, "एवढा शिकलास, मग कर की काय तरी!"

म्हणून डिस्टिलरीच्या आवारात मी एक टाकी उभी केली. शेणातले जिवाणू तिच्यात वाढवायचे, त्यांनी मळीतली घाण खायची आणि वर जळणाला गॅस द्यायचा, असा माझा बेत. पण ही जात भारी नाजूक. अख्खा हिवाळा त्यांचे लाड पुरवले. बायको म्हणायची, पोटच्या पोरांना कधी एवढं जपलं नाहीत! अखेर गॅस पेटला. कारखान्याच्या अध्यक्षांनी उद्घाटन ठरवलं आणि गावभर बोलबाला झाला.

पूजेच्या सकाळी पोचलो, तर टाकीला झेंडूच्या माळा आणि वास अजिबात नाही. मी धावतच टाकीशी गेलो. डिस्टिलरीचा सुपरवायझर मात्र खुशीत होता.

"सर, तळापासनं धुऊन काढली बघा. ब्लिचिंग पावडर बी मारली. एवढ्या घाणीत नारळ कसा फोडायचा?"

ती घाण म्हणजेच माझे जिवाणू होते. पूजेआधी यंत्र लख्ख करायचं, ही आमच्याकडची रीतच. त्या माणसावर चिडून तरी काय करणार? मी अध्यक्षांपुढे बोंबललो. ते म्हणाले, "लोकं जमल्यात, सर. नारळ तर फुटू दे, मग बघू." कपाळाला गंध लावून मी त्या मेलेल्या टाकीशेजारी उभा राहिलो. गाळप हंगाम संपत आला होता, डिस्टिलरीही बंद होणार होती. नवे जिवाणू पोसायचे तरी कशावर? सगळं मुसळ केरात.

दुपारी आक्काकडे गेलो. तिनं दारातच तांब्या पुढे केला.

"पी. आपल्याच विहिरीचं हाय. अजून लाल दिसतंय, पण निवळंल की. सगळ्या गल्लीला सांगितलंय, माझ्या भावानं पाणी सुधारलं म्हणून."

मी तांब्या हिसकावला आणि अंगणात ओतला. "आक्का, टाकी मेली गं," एवढंच म्हणालो आणि मला रडू कोसळलं.

तिनं पदर खोचला आणि ती बायकांच्या भरलेल्या घागरी उपड्या करायला विहिरीकडे पळत सुटली.