पहिली पत्रिका

रामकुंडावरच्या त्या उपाध्यांनी मला कधी नाव विचारलं नाही. रोज फिरायला जाताना भेटतात आणि विचारतात ते गाव. "नाशिक" म्हटलं की हसतात. "नाशिकला सगळे आलेले असतात. आधीचं सांगा!" यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं लिहिलेल्या लांबट वह्या त्यांच्याजवळ लाल फडक्यात असतात. पान उलटायला कुणी बोटाला थुंकी लावली, तर सरळ हातावर फटका मारतात.

परवा वडिलांना घेऊन गेलो. जन्म एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेला, पण स्वतःच्या आजोबांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं सांगताना दुसऱ्या नावावरच अडायचे आणि मान खाली घालायचे.

आमचं गाव देवळा. आडनाव सांगितलं, देवळ्याची वही निघाली, तिच्यात आमचं कुणीच नव्हतं. मी उठायला लागलो.

"बसा हो! लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या देवापुढे ठेवता?"

"पेठ तालुक्यात एक देवी हाय," वडील म्हणाले. "तिथंच का, ते नाय माहीत."

"मला माहीत आहे! देवी तिथली, म्हणजे तुमचं मूळ गाव तिकडचं." उपाध्यांनी पेठकडची वही ओढली, बोट फिरवलं आणि मांडीवर थाप मारली. "घ्या! शिवराम, बायको भागीरथी, मुलगा तुकाराम."

तुकाराम माझे आजोबा.

"शिवराम!" वडील इतक्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारची पूजा थांबली.

उपाध्यांनी माझ्या हातात पेन दिलं. "आता तुमची नावं लिहा. आणि मुलगी असेल तर तिचंही गाळू नका. उद्या तिची नातवंडं विचारत येतील."