आधी प्रश्न लिही

निगुडकर मॅडमना काहीही विचारलं की त्या उत्तर देत नसत. पांढऱ्या कोटाच्या खिशातून पाठकोरा कागदाचा तुकडा काढत, पेन पुढे करत आणि म्हणत, "लिही." फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला मी उज्जैनहून येऊन भोपाळच्या हॉस्टेलवर राहत होते, तेव्हा त्यांच्याशी माझी पहिली गाठ अशीच पडली. मी लिहिलं, व्यायामाने गुडघेदुखी कमी होते का? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं. मग विचारलं, कोणाची गुडघेदुखी? विशीतल्या खेळाडूची की साठीतल्या बाईची? कोणता व्यायाम, आणि नाही केला तर काय? कमी होते म्हणजे नक्की काय, जिना चढता येतो की नुसतं बरं वाटतं? चिठ्ठी परत देत त्या म्हणाल्या, "प्रश्नच ढिला आहे गं. ढिल्या प्रश्नाला उत्तर पण ढिलंच मिळणार."

मॅडम मूळच्या ग्वाल्हेरच्या. वर्गात शुद्ध हिंदीत शिकवत, माझ्याशी मात्र मराठीत बोलत, आणि त्या मराठीत हिंदी आपसूक मिसळलेली असे. 'पुस्तकात लिहिलंय' असं कोणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "तो तर नुसता पत्ता झाला. तिथं जाऊन पता कर, कोण राहतं ते." बिट्टन मार्केटच्या हाटातही त्या मेथीवाल्याला, ही सकाळची आहे हे कशावरून, असं विचारत. तो बिचारा देठ मोडून दाखवी. आम्ही मुली मागे उभ्या राहून हसायचो.

चौथ्या वर्षी माझ्याकडे मुन्नालालजी आले. चार इमली या सरकारी वसाहतीतल्या साहेबांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेला मोठा सालस माणूस. लकव्याने उजवा हात गेला होता आणि त्याच बाजूचा खांदा दुखायला लागला होता. आमच्या विभागात भिंतीवर पुली होती. वरच्या चाकातून दोरी जाई. एका टोकाला दुबळा हात बांधायचा आणि चांगल्या हाताने दुसरं टोक ओढून तो वर न्यायचा. लकव्याच्या प्रत्येक रुग्णाला आम्ही हेच देत असू. ती पुली मॅडमनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः खटपट करून बसवून घेतली होती, आणि वीस वर्षं तीच शिकवली होती.

दुसऱ्या आठवड्यात मुन्नालालजी हळूच म्हणाले, "बिटिया, आज रस्सी रहने दो." रात्री कुशीवर वळता येत नाही, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मी मॅडमना विचारलं, पुली चालू ठेवू का? चिठ्ठी पुढे आली. मी लिहिलं, लकव्याच्या रुग्णाचा खांदा पुलीने बरा होतो का? त्यांनी 'बरा होतो का' खोडलं. म्हणाल्या, हे तू आधीच ठरवून टाकलंस. दुखणं कमी होतं की वाढतं, असं विचार. आणि तोपर्यंत दोरी बंद.

ग्रंथालयात एकच चालू संगणक होता. दोन दिवस मी त्याच्यासमोर बसले आणि एक लेख मिळाला. पुलीने दुखणं वाढतं, असं त्यात म्हटलं होतं. मी धावत गेले. मॅडमनी विचारलं, तुझ्याविरुद्ध बोलणारा लेख शोधलास का? मान खाली घालून परत आले. आणखी तीन दिवस शोधलं. काही लेखांतले रुग्ण मुन्नालालजींसारखे नव्हतेच, ते बाजूला ठेवावे लागले. उरले ते थोडे होते, पण एकही पुलीच्या बाजूने बोलत नव्हता.

ते कागद घेऊन त्यांच्या खोलीबाहेर मी बराच वेळ उभी होते. अंतर्गत परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात होते, हे कशाला लपवू? त्यांनी ते उभ्याने वाचायला घेतले, मग खुर्चीत बसल्या. दुपारचा डबा तसाच राहिला. शेवटी विचारलं, "तुला खात्री आहे?"

"पूर्ण नाही," मी म्हटलं. "लेख थोडे आहेत, त्यातली माणसंही थोडी. पण सगळे एकच सांगतात. आणि मुन्नालालजीही तेच सांगताहेत."

"त्यांचं तर आधी ऐकायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुन्नालालजी आले तेव्हा मॅडम स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "दादा, हमसे गलती हुई," त्या म्हणाल्या. "ये रस्सी आपके कंधे के लिए ठीक नहीं थी. आपने कहा भी था." ते इतके ओशाळले की उलट तेच मॅडमची समजूत घालू लागले. त्यानंतर आम्ही त्यांच्या हाताला उशीचा आधार दिला, खांद्याचं पातं धरून हात अगदी हलके हलवायला लागलो. महिन्याभरात त्यांना झोप लागू लागली. हात पूर्ण परत आला नाही, पण शर्टाची बाही ते न कण्हता चढवू लागले.

त्याच आठवड्यात वर्गात मॅडमनी सगळ्यांना वही उघडायला लावली. लकव्याच्या खांद्याचं, त्यांनीच लिहून दिलेलं पान काढायला सांगितलं आणि त्यावर रेघ मारायला लावली. पुली दुसऱ्या दुखण्यांसाठी राहील, इथे नाही, असं म्हणाल्या आणि पुढचा धडा सुरू केला. आवाज नेहमीसारखाच होता. मला वाटलं, विषय संपला.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. मी शाहपुऱ्यातल्या त्यांच्या घरी गेले. शिकत असताना कितीतरी रविवारी आम्ही तिथे पोहे खात, तलावाकाठी त्यांच्यामागून चालत आपापल्या चिठ्ठ्यांवर वाद घातले होते. आता त्यांचे यजमान, आमचे काका, एकटेच व्हरांड्यात बसले होते. बोलता बोलता मी मुन्नालालजींची गोष्ट काढली.

काका म्हणाले, पुली बंद केल्यानंतरचे सहा महिने फार अवघड गेले. हिने विभागातली जुनी रजिस्टरं चाळून लकव्याच्या रुग्णांची नावं काढली. मग आठवड्याच्या सुट्टीला काका स्कूटर चालवत आणि ती मागे पत्ते घेऊन बसे. बरेच जण घर सोडून गेले होते, काही जगातच नव्हते. सात जण भेटले. प्रत्येकाला तिने आपली चूक स्वतः सांगितली आणि खांदा तपासला.

यातलं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, लोक काय म्हणाले?

"बहुतेकांनी चहा पाजला," काका म्हणाले. "एकाने ऐकून घेतलं आणि तोंडावर दार लावलं. ही पुढच्या रविवारी परत गेली. त्याने दार उघडलं, खांदा दाखवला. आम्ही निघालो तेव्हा काठी टेकत स्कूटरपर्यंत सोडायला आला."