तिसऱ्या रांगेतला मुलगा

मल्हारगंजातल्या इस्त्रीवाल्याच्या दुकानापाशी कांजीचा गरम, ओलसर वास आला की मला धाकट्या भावाचा पांढरा गणवेश आठवतो. चष्म्यामुळे नौदलाने मला परत पाठवलं आणि दोन वर्षांनी त्याला घेतलं. त्याची क्षेपणास्त्र विनाशिका नौदलात दाखल झाली, तो सोहळा आम्ही राऊ गावातल्या आमच्या घरी टीव्हीवर पाहिला. डेकवर रांगाच रांगा, सगळे पांढऱ्यात, सगळे सारखे. मोबाइलवर व्हिडिओ घेता घेता आईने पडद्याला बोट लावलं, "तिसऱ्या लाइनीत, कोपऱ्यातला. तोच है ना रे?" तो नव्हता. मान जराशी डावीकडे झुकवून उभा असलेला माझा भाऊ मला मागच्या रांगेत केव्हाच दिसला होता. मी म्हटलं, "हो, तोच." आईने त्या परक्या मुलाची पडद्यावरूनच दृष्ट काढली आणि मला आतून बरं वाटलं. पुढे भाऊ सुट्टीवर आला, तेव्हा आईने त्याला तो व्हिडिओ दाखवला, त्याच मुलावर बोट ठेवून. भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "हो आई, मीच तो." जहाजाचा हेवा कधीच संपला. त्या उत्तराचा अजून वाटतो.