‘हे कोणी सांगितलं?’ असं विचारणाऱ्या निमकर मॅडम

ॲड. वैजयंती निमकर यांच्या पुण्यातल्या कचेरीत मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. फाइलमध्ये वकिलीची पदवी होती, आमच्या घरातली पहिलीच पदवी. ती चुरगळू नये म्हणून आईनं फाइल साडीच्या पिशवीत घालून दिली होती. मॅडमनी फाइल उघडलीच नाही. त्यांनी विचारलं, “कॉलेजला कशानं यायचीस?”

“कोळवणहून एसटीनं.”

“एसटी चुकली तर?”

“जीपनं.”

“जीपवाल्यानं भाडं वाढवलं तर?”

“पुढच्या एसटीची वाट बघायची.”

“आणि एसटी बंद झाली, सगळ्या जीपा एकाच माणसाच्या झाल्या, तर?”

मी थोडा विचार करून म्हणाले, “मग तो म्हणेल ते भाडं. नाहीतर घरी बसायचं.”

“आपण इथे तेच काम करतो,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी ये.”

स्पर्धा कायद्याचा पेपर मला कॉलेजात होता आणि गुणही बरे होते. तरी हा कायदा आमच्या रस्त्यावरच्या जीपपर्यंत येतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांच्या मोठ्या खटल्यांवर लिहिलं आहेच. मी कचेरीतली सगळ्यात धाकटी. मला खटल्यांचं मोजमाप करता येणार नाही. मॅडम काम कसं करतात हे मात्र मी रोज जवळून पाहते, आणि त्याबद्दलचं माझं कुतूहल अजून संपलेलं नाही.

दोन मोठ्या कंपन्या एक होणार असतील, तर त्यामुळे बाजारात कोणाची अडवणूक होईल का, हे स्पर्धा आयोग तपासतो. त्या तपासात मॅडम कधी कंपनीच्या बाजूने उभ्या राहतात, कधी तक्रार करणाऱ्यांच्या. बाजू कोणतीही असो, त्यांच्या प्रत्येक तक्त्याला उजवीकडे एक जादा रकाना असतो: ‘हे कोणी सांगितलं?’ तिथे माणसाचं नाव, गाव आणि दिवस लिहावा लागतो. ‘सर्वांना माहीत आहे’ असं एकदा एका सहकाऱ्यांनी लिहिलं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘सर्वांचे फोन नंबर द्यावेत.’

या चौकशीच्या सवयीचं फळ मी एका निविदेच्या खटल्यात पाहिलं. शाळांना बाकं पुरवणाऱ्या तीन कंपन्यांनी आपसात ठरवून निविदा भरल्या, असा संशय होता. कागद तिघांचेही अगदी वेगवेगळे. आम्ही दोन आठवडे त्यात डोकं घालून बसलो होतो. मॅडम नमुन्याची बाकं जमा होत त्या गोदामावर गेल्या आणि फाटकावरच्या वॉचमनकाकांशेजारी स्टुलावर बसून त्यांच्या आवक-जावक वहीची पानं उलटू लागल्या. काका म्हणाले, “बाई, ही वही आजवर कुणी वाचली नाही. साहेबसुद्धा नुसती सही करतात.” तिन्ही कंपन्यांची नमुन्याची बाकं एकाच टेम्पोतून, एकाच फेरीत आली होती. सुनावणीत मॅडमनी आधी त्या वॉचमनकाकांचं पूर्ण नाव घेतलं आणि मग वहीतली नोंद वाचली.

माझ्यावर त्यांनी केलेल्या मायेबद्दल किती लिहावं कळत नाही. सुरुवातीला माझी इंग्रजी मसुद्यांपुढे फार तारांबळ उडायची. मॅडमनी मला कधी चारचौघांत दुरुस्त केलं नाही. त्या म्हणायच्या, “हे आईला फोनवर सांगतेस तसं मला सांग.” मी मराठीत सांगायचे, आणि जिथे अडखळायचे तिथे मसुदाही कच्चा निघायचा. पुढे मी खरोखरच आईला फोन करून मसुदे सांगू लागले. आई मला ‘सारे’ अशी हाक मारते. ती म्हणायची, “सारे, म्हशी सोडायच्यात. थोडक्यात सांग.”

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. कंपन्यांची नावं लिहीत नाही. आयोगाच्या जाहीर आदेशात आलेलं, आमच्या घरात घडलेलं आणि माझ्या स्वतःच्या चुकीचं, एवढंच सांगते.

आमची पक्षकार कंपनी दूध गोळा करणारी. तिला दुसरी एक दूध कंपनी विकत घ्यायची होती. आमच्या कोळवण खोऱ्यात या दोघींची केंद्रं आहेत, आणि खालच्या गावात तिसऱ्याच कंपनीचं एक. दोघी एक झाल्या तरी शेतकऱ्याला ती तिसरी कंपनी उरते, असा आमचा मुद्दा होता. सगळं त्या तिसऱ्या केंद्रावर टेकलेलं. तो पर्याय खोटा ठरला असता, तर खोऱ्यातल्या लोकांना दूध विकायला एकच दार राहणार होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पक्षकार कंपनीच्याच केंद्रात दूध घालतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. मॅडमनी ते कंपनीला लेखी कळवलं आणि मला दुसऱ्या भागातली गावं दिली. गावोगावच्या केंद्रांच्या तक्त्यात कोळवण खोऱ्याची ओळ रिकामी राहिली होती. मुदत जवळ आली तशी मी, मदत म्हणून, ती स्वतःच भरून टाकली. पर्यायी केंद्र: आहे. अंतर: पायी अर्धा तास. शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘स्वतःला माहीत.’

मॅडमनी चष्मा काढला. “स्वतःला विचारलंस का?”

“त्यात काय विचारायचं, मॅडम? मी तिथलीच आहे.”

“म्हणूनच म्हणते,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारेला त्या मला घेऊन आमच्या वाडीत हजर. आमचं घर त्यांच्या यादीत नव्हतं, पण चहाला या म्हणून आई ऐकेना. मॅडम गोठ्याच्या कट्ट्यावर बसल्या. आईची धार चालू होती.

“हे केंद्र उद्या बंद झालं, तर दूध कुठे घालाल?” त्यांनी विचारलं.

“कुटं घालनार? दही लावायचं आन् खायचं.”

“खालच्या गावात केंद्र आहे ना?”

“हाय की. पर त्ये आमचं घेत न्हाईत. चिठ्ठी लागती.”

“कसली चिठ्ठी?”

आईनं धार थांबवून माझ्याकडं पाहिलं. “सारे, तू मॅडमना चिठ्ठीचं सांगितलं न्हाईस व्हय? आटवीत असताना तूच गेली हुतीस की मागायला. तासभर हुबी राहून रिकामी आलीस.”

दादांनी समजावलं. “ह्या केंद्रावाल्यानं लिवून द्यायचं, ह्या मानसाला आमी सोडला म्हून. मंग त्यो दुसरा घेतो. तिनी केंद्रांत तसंच ठरलंय.”

“आणि यानं लिहून दिलं नाही तर?”

दादा हसले. “देतोय कशाला? मॅडम, तुमी एवढ्या शिकलेल्या, आन् असं काय इचारताय?”

मॅडमही हसल्या. मला मात्र पुस्तक आठवलं. एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असं विकत घेणाऱ्यांनी आपसात ठरवणं, हे स्पर्धा कायद्याच्या पुस्तकात पहिल्या काही पानांवर असतं. मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आणि आमच्या दारातलं तेच मला दिसलं नव्हतं.

परतताना गाडीत मी म्हणाले, “मॅडम, मी राजीनामा देते.”

त्यांचं लक्षच नव्हतं. “त्या चिठ्ठीवर शिक्का असतो, की नुसती सही?” मग थोड्या वेळानं, अगदी खऱ्या उत्सुकतेनं, “तुला ती आठवली का नाही गं?”

“मला तो नियमच वाटायचा,” मी म्हणाले. “पाऊस आला की वीज जाते, तसं.”

“मग आता सगळ्या गावांत पुन्हा जा,” त्या म्हणाल्या. “आणखी कुठे कुठे लोकांना तो नियमच वाटतो ते बघ. राजीनाम्याचं नंतर बघू.”

मी गेले. चिठ्ठी बहुतेक ठिकाणी होती. कोणी तिला चिठ्ठी म्हणे, कोणी दाखला. आमच्या घराचं नाव मॅडमनी कागदावर कुठेही येऊ दिलं नाही. वाडीतल्या दुसऱ्या घरांनी स्वतःहून जे सांगितलं तेच घेतलं.

नंतर कंपनीचे अधिकारी कचेरीत आले. बंद दाराआड काय बोलणं झालं ते मला सांगता यायचं नाही, मी आत नव्हते. बाहेरून दिसलं ते एवढंच, की ते गेल्यावर त्यांचा चहा तसाच होता. मॅडमनी आमच्या कारकुनांना, शिंदेकाकांना, बोलावून सांगितलं, “या प्रकरणाचे कागद खोक्यांत भरून ठेवा. काम काढून घेऊन कागद न्यायला आले, तर थांबावं लागू नये.”

शिंदेकाका खोकी बांधताना पुटपुटत होते. “एवढं मोठं काम. त्या चिठ्ठीचा मुद्दा तेवढा गाळला असता, तर काय बिघडलं असतं?”

मॅडमनी आतून ऐकलं. “काका, मुद्दा गाळला तरी केंद्रवाला दूध घेणार नाही,” त्या म्हणाल्या, “आणि खाली सही माझी आहे.”

पाच दिवस ती खोकी दाराशी होती. आम्ही त्यांना वळसा घालून जात-येत होतो. माझ्या एका ओळीमुळे कचेरीचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम जाणार, असं मी धरून चालले होते. त्या पाच दिवसांत मॅडमनी मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. एक दिवस डबा खाताना विचारलं, म्हशीला दिवसातून किती वेळा पाणी लागतं.

सहाव्या दिवशी कंपनीचा फोन आला. शिंदेकाकांनी काही न विचारता दोऱ्या सोडायला घेतल्या.

पुढचं सगळं आदेशात आहे. कंपनीनं चिठ्ठीची पद्धत स्वतःहून आयोगापुढे मांडली. विलीनीकरणाला परवानगी मिळाली ती अटींवर. चिठ्ठी बंद. कोणी कुठेही दूध घालावं, तशी पाटी प्रत्येक केंद्रावर मराठीत लावायची. पाटीचा मजकूर मॅडमनी मला करायला सांगितला. तो मी आधी आईला फोनवर वाचून दाखवला.

काही महिन्यांनी घरी गेले. दादा किटली घेऊन निघाले आणि सवयीनं त्याच केंद्राच्या वाटेला लागले. मी मागून गेले.

“दादा, अजून इथंच? खालच्या गावात दुधाचं फॅट नीट लावत्यात, भाव बरा मिळतो म्हणं.”

“तितं घालून आलो की चार दिस. तिकडची चढण लई. पाय दुखत्यात.”

“मग एवढं सगळं केलं ते कशाला?”

दादांनी किटली खाली ठेवली. “हा केंद्रावाला आता मला ‘या आण्णा’ म्हन्तो. आदी मान वर करून बगत नव्हता. त्याला ठावं हाय, मी उद्या जाईन.”

मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच वही उघडली. दादांचे नेमके शब्द दोनदा विचारून लिहून घेतले. मग म्हणाल्या, “तीस वर्षं मी हे आयोगाला समजावून सांगते आहे. इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.”

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, वाडीवस्तीच्या चढणी चढायला गुडघ्यांत बळ राहो आणि डोळ्यांना वॉचमनकाकांचं बारीक अक्षर वाचता येत राहो. त्यांना खूप आयुष्य मिळो. आमच्या खोऱ्यात दादांसारखी पुष्कळ माणसं आता आपल्या मर्जीनं किटली उचलतात. त्यांना मॅडमचं नाव माहीत नाही. त्या सगळ्यांच्या वतीनं, त्यांना न विचारता, वरचं ‘खूप आयुष्य मिळो’ हे वाक्य मी लिहिलं आहे. शेवटच्या रकान्यात माझं नाव घालावं.