न पाठवलेली लाट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर चहा पाजून वाटेला लावलंय. मूळचा सातारचा. एअरफोर्समध्ये रेडिओ दुरुस्त करण्यात उमर गेली, आता लखनौला अलीगंजमध्ये स्थायिक. गच्चीवरच्या खोलीत माझा हौशी रेडिओ स्टेशनचा सेट आहे... म्हणजे होता.

धाकटा भाऊ सुनील इथेच बँकेत आहे. त्याचा एक हट्ट — अँटेनाकडून परत आलेली लाट सेट जाळते. लाख वेळा सांगितलं, "अरे बाबा, ती सेटपाशी येऊन पुन्हा उलटी फिरते. सेट आणि अँटेनाच्या मधल्या मीटरवर पॉवर जास्त दिसते ती तीच, ये-जा करणारी!" पण पालथ्या घड्यावर पाणी.

मे महिन्यातली रविवारची दुपार, सुनील माझ्याकडे गच्चीवरच्या खोलीत आला होता. अँटेना मी सकाळीच उतरवली होती, त्यामुळे केबलचं वरचं टोक गच्चीवर मोकळं पडलेलं. खालचं टोक मीटरमध्ये, पण मीटर सेटला जोडलेलाच नव्हता. मोहल्ल्याची लाईट गेलेली, आभाळ स्वच्छ.

तरी मीटरवरचा, परत आलेली लाट दाखवणारा काटा उठला.

"दादा, ये क्या... काटा हलतोय यार!"

"हात लावू नकोस!"

पण तो केबल उपटायला गेलाच — आणि ती त्याच्या मनगटाला आवळली. तिने त्याला ओढून भिंतीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. डोकं फुटलं, रक्त माझ्या बनियनवर उडालं. कातडी जळल्याचा वास... सुनील "आई गं" म्हणून किंचाळत होता. मला भीती नाही, संताप आला! कटर घेऊन तुटून पडलो. केबल फाडकन माझ्या तोंडावर बसली, दात पडला. तरी कापलीच.

सुनील खाली कोसळला. मीटरला आता वीतभर तुकडा उरला होता, तरी काटा टोकाला जाऊन थरथरत होता. हातोडीने मीटरचा चुरा केला, तेव्हा कुठे थांबला.

जुने सहकारी म्हणतात, केबलमध्ये वीज साठली असेल. अहो, साठलेली वीज झटका देते, माणसाला धरून बडवत नाही!

सुनीलच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. परवा त्याने विचारलं, "दादा, लाट परत आली, म्हणजे आधी किसी ने तो पाठवली असणार ना?"

त्याच्या प्रत्येक शंकेवर मी आजवर उत्तर तोंडावर फेकलंय. या वेळी पोळीचा घास करून त्याला भरवत होतो... भरवत राहिलो.