समईभर तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात कोणाच्या डब्यात काय होतं तेसुद्धा सांगतो. तू ऐक फक्त.

मी लालबागचा. बाबा गिरणीत होते. दसऱ्याला मशीनला हार, हळदकुंकू, नारळ झाल्याशिवाय घरी जेवायला बसत नसत. गिरणी गेली, मी केमिकल इंजिनियर झालो, पण ही सवय काही सुटली नाही. आमचं वीज केंद्र गॅसवर चालतं. तिथे धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा एक छोटा प्रयोग आहे — उंच टॉवरमध्ये खालून धूर सोडायचा, वरून द्रावण. द्रावण तो वायू शोषून घेतं, तापवलं की सोडून देतं, आणि तेच पुन्हा वापरायचं. आता एवढं गुणी यंत्र, त्याची पूजा नको? तूच सांग.

तर दसऱ्याला सकाळी आईची समई घेऊन गेलो. गॅसचा प्लांट, काडी ओढायची सोय नाही, म्हणून न पेटवताच मांडायची ठरवली. पण कोरडी समई कशी मांडणार? काठोकाठ तेल घातलं. ठेवली कुठे — तर द्रावणाच्या टाकीवर. टाकीचं झाकण उघडं का होतं? मीच उघडलं होतं, आत चार अक्षता टाकायला! नमस्कार करताना कोपर लागलं. समई झेलली. तेल आत गेलं.

समईभर तेलाने काय होतंय, म्हटलं. अरे, ते द्रावण म्हणजे अल्कली; गरम अल्कली आणि तेल — साबण होतो, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला कळलं दुसऱ्या दिवशी, दूध उतू जावं तसा फेस टॉवरमधून बाहेर येऊन पाहणीला आलेल्या साहेबांच्या बुटांवर पडला तेव्हा. साहेब पाय झटकत होते आणि मला — लाज वाटते सांगायला — हसू आवरत नव्हतं.

मग आवरलं. कारण ते द्रावण सबनीस मॅडमनी बनवलेलं होतं. आमच्या मुख्य केमिस्ट, शिवाजी पार्कला राहणाऱ्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं. ह्याच प्रयोगाचा नवा मोठा प्लांट त्यांच्याकडे जाणार हे ठरल्यातच जमा होतं. त्यांनी महिनाभर नमुने तपासले, तेलाचा अंश सापडला. पण तेल आलं कुठून? एकेकाला विचारत त्या माझ्यापाशी आल्या. मी म्हटलं, "द्रावण आलं त्या ड्रममध्येच असेल, मॅडम."

ड्रम स्वच्छ असल्याची सही त्यांची होती — आणि ते मला ठाऊक होतं. खरं तर एवढंच सांगायचं होतं रे, बाकी सगळी लांबड. घाबरून बोललो का? घाबरलो होतोच. पण विचार करूनही बोललो.

मॅडमनी अहवालात चूक स्वतःची म्हणून लिहिली. मोठा प्लांट गेला हातचा, आणि त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बोट दाखवून साहेबांना म्हणाल्या, "प्लांट परबला द्या. तो माझ्यासारखा डोळे झाकून सही नाही करणार."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. सोमवारी त्यांच्या खुर्चीत बसलो. तीन वर्षं झाली, अजून तिथेच बसतो.